विरळा म्हणजे विकृत नव्हे

मनोविकाराचा विचार करताना एक सोपी फूटपट्टी सर्रास वापरली जाते : जे वर्तन समाजात क्वचित आढळते ते विकृत, बहुसंख्यांत आढळते ते प्राकृत. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिला संख्याशास्त्रीय निकष म्हणतात. रुग्णाचे नातेवाईकही ‘असे कोणी वागते का हो?’ असे विचारून नकळत तिचाच आधार घेतात. वैद्याने मात्र ही फूटपट्टी हाती धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बुद्ध्यंक ७० हून कमी असणारे आणि १३० हून अधिक असणारे, दोघेही लोकसंख्येत साधारण दोन-सव्वादोन टक्केच. विरळपणा सारखा, साहाय्याची गरज मात्र एकालाच. शिवाय स्थळ बदलले की निष्कर्षही बदलतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारी माणसे कोल्हापुरात सहज भेटतात. तोच नेम परदेशातील कचेरीत पाळणारा एकटा पडेल. मन तेच, बदलले ते शेजारी.

याच करवीरनगरीचा इतिहास पाहा. चौथे शिवाजी महाराज १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसले. पुढे इंग्रज सरकारने त्यांना वेडे ठरविले. त्यांच्या छळाबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापल्यावरून टिळक-आगरकरांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे गोऱ्या सैनिकाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. वय अवघे वीस. ते खरोखर वेडे होते काय, हा वाद इतिहासकारांचा. आमचा प्रश्न निराळा आहे. परक्यांच्या पहाऱ्यात वाढलेला तरुण राजा करवीरात एकच होता. त्याच्या वागण्याची गणती कोणाशी करावयाची? तुलना करावयाची तर ती त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी.

चरकाचार्यांनी नेमकी हीच दिशा दाखविली आहे. उन्मादनिदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. त्यात शिरगणतीला स्थान नाही. भक्ती म्हणजे आवड, शील म्हणजे स्वभाव. ज्याचे त्याचे निराळे. पूर्वी जे प्रिय होते ते नकोसे झाले, शांत मनुष्य अकारण कोपिष्ट झाला, तर तो विभ्रम. प्रकृती जाणल्यावाचून विकृती कळत नाही, हे आपले मूळ सूत्र येथेही लागू पडते. जन्मजात न्यूनतेत पूर्वस्थितीशी तुलना होत नाही, हे खरे. तेथे दैनंदिन व्यवहार किती अडतो, हे पाहावे लागते.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही हेच सांगतो : समाजातील रूढ नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मनोविकार ठरविण्याचा आधार होऊ शकत नाही.

या फूटपट्टीची उलट बाजू अधिक घातक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मनोविकार असल्याचे आढळले. दहांत एक, म्हणजे विरळ नव्हेच. ‘हल्ली टेन्शन सर्वांनाच असते’ या एका वाक्याखाली किती विषाद झाकला जात असेल! झोपेसाठी महिनोन्महिने अश्वगंधा चूर्ण वा सारस्वतारिष्ट नेणाऱ्या गिऱ्हाईकाची औषधविक्रेत्या बंधूंनी केवळ बाटली बांधून बोळवण करू नये. आपुलकीने चौकशी करून वैद्याकडे पाठवावे.

वैद्यांनी तीनच प्रश्न विचारावेत. हा पूर्वी असाच होता काय? याच्या वागण्याने त्याला वा इतरांना पीडा होते काय? आहार, निद्रा, कामधंदा बिघडला आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर मनुष्य कितीही जगावेगळा असो, त्याला रोगाचे नाव चिकटवू नये. उत्तरे चिंताजनक असतील, तर ‘सर्वांनाच होते’ म्हणून थांबू नये. जिवाला अपाय करून घेण्याची भाषा कानी आली, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही दुकानात दर्शनी लावावा. शेजारपाजारची माणसे मोजून निदान होत नाही. समोर बसलेला मनुष्य जाणावा लागतो.