होडीला चुना लागतो तेव्हा

खाडीपलीकडच्या शेतावर जायला ज्यांच्याकडे फायबरची होडी आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द. काही उन्हाळे गेले की होडीचा रंग विटतो, हात फिरवला की चुन्यासारखी भुकटी लागते. उन्हाने वरचा थर जळतो, त्याची ही भुकटी. तिच्यावरच नवा रंग ओढू नका. पापुद्रे सुटतील आणि पैसे पाण्यात जातील.

आधी साबण लावून गोड्या पाण्याने मीठ, चिखल धुऊन काढा. ओली असताना मूळ रंग उजळ दिसला, तर घासून काम भागेल. वाळल्यावर मोटारीच्या रंगाला लावतात ते रबिंग कंपाउंड सुती फडक्यावर घ्या आणि सावलीत हातभर जागा घासत पुढे सरका. फडक्याला रंग येणारच. पण जोर बेताचा ठेवा. हा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तो गेला की आतले धागे पाणी पितात. शेवटी मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या. हा खर्च टाळलात, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भुकटी!

जुनी होडी विकत घेताना मात्र जपा. काही जण नुसता तेलाचा हात फिरवून चमक आणतात. सौदा ठरण्याआधी एक कोपरा साबणाने धुऊन पाहा.