बिल कमी ठेवणारा पंच

एप्रिल २०२५ मध्ये पाण्याचं बिल आलं तेव्हा मी आधी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. म्हटलं, चुकून शेजाऱ्याचं तर नाही ना? नाही, आमचंच होतं. आकडा तेवढा अनोळखी.

इंग्लंडमध्ये नळाचं पाणी आणि मैलापाणी दोन्ही १९८९ पासून खाजगी कंपन्यांकडे आहे. थॅचरबाईंच्या सरकारने दहा प्रादेशिक जलमंडळं विकली आणि विकताना त्यांची जुनी कर्जंही माफ केली. आता नळ म्हणजे काही भाजीवाला नव्हे, की हा महाग देतो म्हणून पलीकडच्याकडे जावं. म्हणून कंपन्यांच्या डोक्यावर 'ऑफवॉट' हा नियामक बसवला. दर पाच वर्षांनी कंपन्या आराखडा मांडतात, ऑफवॉट त्याला कात्री लावतो आणि बिल किती वाढू द्यायचं ते ठरवतो.

भारतातून कोणी आलं की हमखास विचारतं, मग खाजगीकरण चांगलं की वाईट? मला त्या वादाचा आता कंटाळा आला आहे. (दोन्ही बाजूंची भाषणं पाठ आहेत!) माझी तक्रार पंचाबद्दल आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये ऑफवॉटने पुढच्या पाच वर्षांसाठी सरासरी बिल १२ टक्क्यांनी खाली आणलं, महागाई सोडून. सगळे खूश. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच ऑफवॉटने ३६ टक्के वाढीला मान्यता दिली, तीही महागाई सोडून. मधल्या पाच वर्षांत पाइप एकदम म्हातारे झाले का? गळती तेव्हाही होती, आणि आजही जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी वाटेतच मुरतं. २०२३ साली इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात सांडव्यांतून मैलापाणी सोडल्याचे तास भरले ३६ लाख!

कर्जाचंही तेच. विकताना जवळजवळ कर्जमुक्त असलेल्या कंपन्यांवर आता ६० अब्ज पौंडांहून जास्त कर्ज आहे. इंजिनियर म्हणून सांगतो, कर्ज काढण्यात पाप नाही. जी पाइपलाइन ऐंशी वर्षं चालायची, तिचा सगळा खर्च आजच्याच ग्राहकाने का सोसावा? पण कर्ज वाढत असताना भागधारकांना लाभांशही जात राहिला, आणि पैसा कसा उभारायचा हा कंपनीचा प्रश्न, असं ऑफवॉट बराच काळ म्हणत राहिला. लाभांश रोखण्याचे स्पष्ट अधिकार त्याने परवान्यात आणले ते २०२३ मध्ये. मे २०२५ मध्ये टेम्स वॉटरला १२ कोटी २७ लाख पौंडांचा दंड झाला, त्यातले १ कोटी ८२ लाख लाभांशाबद्दल. तोवर कंपनी गळ्यापर्यंत कर्जात होती. जुलै २०२५ मध्ये तर सरकारने ऑफवॉटच गुंडाळायचं जाहीर केलं.

इथली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. १९९९ च्या कायद्यापासून बिल थकलं तरी घराचं पाणी तोडता येत नाही. पण ते केलं पार्लमेंटने. गरिबाला सवलत द्यायची तर ती गरिबालाच द्यावी ना. सरसकट बिल कमी ठेवलं की बंगलेवाल्याचंही कमी होतं, आणि पाइप बदलायचं काम आपल्या पोराबाळांच्या बिलात जाऊन बसतं.

आपल्याकडे काय? २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. २०१४ मध्ये याच प्राधिकरणाने वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश दिला आणि नाशिक-नगरचा राग ओढवून घेतला. पंचाने हेच करायचं असतं. पण कोणत्या क्षेत्राला किती पाणी, हा अधिकार २०११ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेलाच होता. शिवाय प्राधिकरण ठरवतं ते घाऊक पाण्याचे दर. तुमच्या घरची पाणीपट्टी महापालिका ठरवते, तीही निवडणुकीकडे बघत. तिथे भागधारक नाहीत, लाभांश नाही, तरी जुना पाइप रस्त्याखाली तसाच. तो कधी बदलणार आणि कोणाच्या पैशाने, हे महापालिकेला दरवर्षी लेखी विचारणारं कोणी आहे का?

असो. मी बिलाचे हप्ते बांधून घेतले आहेत.