पाखडण्याचे तारतम्य

आंबेमोहोर पाखडताना फोलपट उडावे, दाणा नव्हे, हे मुळशीकरांस सांगणे नलगे. विजेच्या गिटारीचा फाटका, गर्जणारा स्वर ध्वनिमुद्रित करतानाही हेच तारतम्य हवे. नेहमीप्रमाणे जुळविलेल्या गिटारीची जाड तार सेकंदास सुमारे ८२ कंपने पावते. त्याखाली उरते ती बहुधा घरघर. ती फिल्टरने गाळावी, म्हणजे ढोलास जागा मिळते. वरची फसफसही बेताने छाटावी. २ ते ४ हजार कंपनांच्या पट्ट्यात गाण्याचे शब्द उमटतात. तेथे इक्वलायझरने गिटार किंचित उणी करावी. एकटी गिटार ऐकून पट्टे चढवीत बसणे आम्हांस मान्य नाही. जिच्या गर्जनेत सोबत्याचा कंठ बुडतो, ते वादन नव्हे, अरेरावी होय. विद्यार्थ्यांनी सर्व वाद्ये एकत्र ऐकावीत, मगच कात्री चालवावी.