बाहुल्यांचे अभयदान

ब्रिटनमध्ये १९६५ साली ‘थंडरबर्ड्‌स’ ही बाहुल्यांची विज्ञानमालिका पाहिलेले बालक आज आजोबा होऊन ती नातवंडांना दाखवतात. बाहुल्यांच्या तारा दिसतात, चाल अडखळती. मुले आधी हसतात. मग पहिल्याच भागात चाकांजवळ बॉम्ब दडवलेले अणुशक्तीचे विमान! ते उतरले तर स्फोट, उडत राहिले तर किरणोत्सर्ग. खाली धावत्या गाड्या आणून ट्रेसी बंधू त्याला अलगद झेलतात. हसणे थांबलेले असते.

पिता आणि पाच पुत्र. जणू एकत्र कुटुंबाची पेढीच, परंतु व्यवहार केवळ प्राणरक्षणाचा. जैन घराला येथे अभयदान आठवावे. काही भागांत बंदुकाही चालतात. तेव्हा मात्र आजोबांनी शेजारून उठू नये.