इंग्रजीशी गट्टी : लव्ह म्हणजे शून्य!

दोस्तांनो, अंबड तालुक्यातल्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. वर्गात सरांनी फळ्यावर 'फॉर लव्ह ऑर मनी' असं लिहिलं आणि मागच्या बाकांवरून जी खीखी सुरू झाली, ती थांबेचना. शेवटी सरांनी फळा पुसला आणि पुढचा धडा काढला. "हसणारे हसले, पण अर्थ कुणालाच कळला नाही," असं ती लिहिते. खरंच आहे. हसल्याबद्दल परीक्षेत गुण मिळत नाहीत!

तर आधी हे हसू संपवू. बॅडमिंटनचा सामना सुरू होताना पंच काय म्हणतात? 'लव्ह ऑल, प्ले!' तेव्हा हसतं का कुणी? नाही, कारण तिथं लव्ह म्हणजे शून्य. दोघांचेही शून्य गुण, करा सुरुवात. (आणि बरं का, या खेळाचं एक जुनं नाव होतं 'पूना'! एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, म्हणून.)

पण शून्याला लव्ह का म्हणायचं? एक गोष्ट तुम्हांला हमखास ऐकायला मिळेल : शून्य अंड्यासारखं दिसतं, फ्रेंच भाषेत अंड्याला 'लफ' म्हणतात, त्याचं झालं लव्ह. गोष्ट झकास आहे, पण शब्दकोश करणाऱ्या मंडळींना ती फारशी पटत नाही. त्यांचा कल दुसरीकडे आहे. पैसे न लावता, नुसत्या हौसेखातर खेळण्याला इंग्रज पूर्वीपासून 'प्लेइंग फॉर लव्ह' म्हणत. पणाला काहीच नाही, म्हणून लव्ह म्हणजे काहीच नाही.

ही किल्ली नीट खिशात ठेवा. पुष्कळ इंग्रजी वाक्प्रचारांत लव्हच्या समोर पैसा उभा असतो. काम व्हायचं ते एकतर पैशानं होतं, नाहीतर मायेनं. दोन्हींनी होत नसेल, तर ती वस्तू 'फॉर लव्ह ऑर मनी' मिळत नाही. म्हणजे काही केल्या मिळत नाही.

याचं उदाहरण आपल्या जालना जिल्ह्यात शोधायला लांब जायला नको. आई-बाबांना 2012-13 चा दुष्काळ विचारा. विहिरी आटल्या, मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. कित्येकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला. पुढं पुढं टँकर भरायलाच पाणी मिळेना. खिशात पैसे आहेत, सोयरेधायरेही जीव लावणारे आहेत, पण त्यांच्याच विहिरी कोरड्या, ते देणार कुठून? तेव्हाचं पाणी म्हणजे 'फॉर लव्ह ऑर मनी' न मिळणारी वस्तू. आता हसा बघू.

दुसरा वाक्प्रचार, 'लेबर ऑफ लव्ह'. 1611 साली निघालेल्या इंग्रजी बायबलमुळं तो रूढ झाला. मजुरीसाठी नव्हे, तर मनापासून केलेलं काम. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, ते लेबर ऑफ लव्ह. कापूस वेचायला किलोवर मजुरी ठरते, ते नुसतं लेबर. जालना शहराला पाणी देणाऱ्या निजामकाळातल्या घाणेवाडी तलावातला गाळ काढण्यासाठी शहरातले नागरिक एकत्र आले, वर्गण्या जमवल्या. हे काम कशात धरायचं? तो गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेऊन टाकला, म्हणजे थोडा फायदाही झालाच. तरी मी ते लेबर ऑफ लव्हच म्हणेन.

'नो लव्ह लॉस्ट' मात्र फसवा आहे. शब्दशः भाषांतर केलंत, की 'प्रेम हरवलं नाही' होतं आणि वाटतं, वा, छान मैत्री आहे! अर्थ नेमका उलटा : दोघांचं मुळीच पटत नाही. मुळात प्रेमच नाही, तर हरवणार काय? गंमत म्हणजे सतराव्या शतकात हाच वाक्प्रचार जिव्हाळ्यासाठीही वापरत असत. आपल्याकडे 'विळ्या-भोपळ्याचं सख्य' म्हणतो ना, त्यातलं सख्य जितकं खरं, तितकंच हे लव्ह!

'पपी लव्ह' म्हणजे कोवळ्या वयातली चार दिवसांची ओढ. झालं, पुढं चला.

आणि पत्रातलं 'गिव्ह माय लव्ह टू...'? इथं खरी कसोटी आहे. इंग्रजीत आजीला लव्ह, मावशीला लव्ह आणि पाळण्यातल्या बाळालाही लव्हच. मराठीत असं चालेल का? आजीला 'माझं प्रेम सांग' म्हणालात, तर ती चष्मा पुसून तुमच्याकडे बघत राहील. आपण तिला साष्टांग नमस्कार सांगतो, मावशीला नमस्कार, बाळाला गोड पापा, आणि थोरांकडून आपल्याला येतात अनेक आशीर्वाद. त्यांना एक शब्द पुरतो, आपल्याला माणूस बघून शब्द काढावा लागतो. मला विचाराल तर आपलीच पद्धत जास्त अवघड आहे, आणि आवडतेही.

'आय वुड लव्ह टू' हे तर बिनधास्त वापरा. बाईंनी विचारलं, "नाटकात काम करशील का?" की म्हणायचं, "येस टीचर, आय वुड लव्ह टू." म्हणजे, हो, मला खूप आवडेल. लाजायचं काही कारण नाही.

आता तुमचं काम. खालची तीन वाक्यं मराठीत करून पाठवा : 'वुई प्लेड कार्ड्स फॉर लव्ह.' 'गिव्ह माय लव्ह टू आजोबा.' 'देअर इज नो लव्ह लॉस्ट बिटवीन द टू कॅप्टन्स.' अट एकच : 'प्रेम' हा शब्द कुठंही वापरायचा नाही!