युकुलेलेची नवी मॉडेले आणि कोकणची हवा

युकुलेले हे चार तारांचे, कुशीत मावणारे वाद्य. त्याची नवी मॉडेले दरवर्षी मोठ्या वाद्यव्यापार मेळाव्यांत मांडली जातात. त्यांत अमेरिकेत अनाहाइम येथे भरणारा नॅम शो आणि शांघायचा म्युझिक चायना हे प्रमुख. मुंबईच्या पाम एक्स्पोत भर असतो तो ध्वनियंत्रणा आणि प्रकाशयोजनेवर. त्यामुळे कोकणातल्या विक्रेत्याला नवे युकुलेले बहुधा कॅटलॉगातून किंवा मुंबई-गोव्याच्या दुकानांतूनच दिसते. नव्या मॉडेलांत फरक तीन ठिकाणी असतो: अंग कशाचे, आकार केवढा आणि आत पिकअप बसवलेला आहे की नाही. सिंधुदुर्गातल्या विक्रेत्याने, शिक्षकाने आणि दुरुस्ती करणाऱ्याने यांतली पहिली गोष्ट सर्वांत आधी पाहावी. मेळाव्याचे दालन वातानुकूलित असते. सिंधुदुर्गात मात्र जून ते सप्टेंबर भिंतीही पाझरतात, आणि वाद्य जगायचे असते ते त्याच हवेत.

युकुलेलेचा इतिहास समुद्रावरच सुरू होतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ऊसमळ्यांवर कामाला निघालेले चारशेहून अधिक लोक ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने होनोलुलूला उतरले. त्यांच्याबरोबर माशेत नावाचे छोटे तंतुवाद्य होते आणि मान्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास, जुझे दु एस्पिरितु सांतु हे तीन सुतारही होते. या तिघांनी हवाईतल्या कोआ लाकडात ते वाद्य घडवायला घेतले. राजा कालाकाउआने त्याला दरबारात आणि नृत्यसमारंभांत जागा दिली, आणि काही वर्षांतच परदेशी वाद्य तिथले स्वतःचे झाले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातील हवाई दालनातून त्याची अमेरिकाभर लाट पसरली. जोना कुमालाए या कारागिराच्या युकुलेलेंना तिथे सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, होनोलुलूत कामाका कंपनी सुरू झाली आणि पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीचे युकुलेले बाजारात आले. म्हणजे या वाद्याचा प्रसार प्रदर्शनांच्या आधारानेच झालेला आहे.

लाकूड सोडण्याचा पहिला मोठा प्रयोग मारिओ माकाफेरी यांचा. जँगो राइनहार्टच्या हातातल्या प्रसिद्ध सेल्मर गिटारचा आराखडा याच इटालियन वाद्यकाराने केला होता. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर त्यांनी १९४९ साली ‘आयलंडर’ हे प्लॅस्टिकचे युकुलेले काढले आणि त्याची विक्री लाखांच्या घरात गेली. लोक त्याला खेळणे म्हणत, पण पडदे अचूक जागी बसवलेले असल्यामुळे ते सुरात वाजे. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९९ च्या नॅम शोमध्ये, ‘फ्लूक’ हे मॉडेल दाखल झाले. त्याची पाठ साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकची, वरचा पत्रा पातळ लाकडी थरांचा आणि बूड सपाट, त्यामुळे ते टेबलावर उभे राहते. आवाज पत्र्याने द्यायचा आणि टिकाऊपणा पाठीने, ही विभागणी नंतरच्या अनेक मॉडेलांनी उचलली.

आज बाजारात असलेल्या युकुलेलेंचे अंगाच्या साहित्यावरून पाच गट पडतात. पहिला एकसंध लाकडाचा, ज्याला दुकानात ‘सॉलिड’ म्हणतात. याचा आवाज सर्वांत भरदार, पण हवेचा परिणामही याच्यावर सर्वांत जास्त. दुसरा लॅमिनेटचा, म्हणजे पातळ प्लायवूडचा. आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून ते कमी फुगते. तिसरा एचपीएलचा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि कपाटावर बसवतात तो सनमायका याच जातीचा: कागदाचे थर राळेत भिजवून प्रचंड दाबाखाली एकजीव केलेले. चौथा पूर्ण प्लॅस्टिकचा. कालाचे ‘वॉटरमॅन’ आणि पॉलिकार्बोनेटमधले ‘आउटडोअर युकुलेले’ ही त्याची ठळक उदाहरणे. पाचवा धाग्यांच्या मिश्र साहित्याचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लॅकबर्डने आधी कार्बनच्या धाग्यांपासून आणि पुढे जवसाच्या धाग्यांपासून युकुलेले बनवले. एन्याचे ‘नोव्हा यू’ याच मार्गावरचे, पण किमतीने आवाक्यातले.

हवेचा हिशेब साधा आहे. एकसंध लाकडाच्या वाद्याला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या वर राहते. लाकूड ओलावा पिते तेव्हा लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत फुगते. पत्रा कडांना चिकटलेला असल्याने त्याला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून तो वर उचलला जातो.

श्रावणात असे वाद्य हातात घेऊन उजेडाकडे आडवे धरावे. ब्रिजच्या मागे पत्र्याला पोट आलेले दिसते. साध्या कागदाचा कोपरा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून पाहावा. तो सहज आत गेला तर सांधा सुटू लागला आहे, आणि तारांच्या ताणाने तो पुढे उघडतच जाणार. आता बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांतले अंतर मोजावे. सुमारे अडीच मिलिमीटर असायला हवे, ते साडेतीनच्या पुढे गेलेले असते. सोप्रानोत तारेची वाजती लांबी जेमतेम ३५ सेंटिमीटर. इतक्या आखूड तारेवर थोडे जास्त दाबले तरी स्वर चढतो, त्यामुळे मोकळ्या तारा सुरात आणि पडद्यांवरचे स्वर बेसूर अशी अवस्था होते. विद्यार्थी आपल्या बोटांना दोष देत बसतो, आणि खरे दुखणे पत्र्यात असते.

खारी हवा धातूलाही सोडत नाही. पडद्यांच्या मिश्रधातूत तांबे असते, म्हणून त्यांच्यावर हिरवट थर चढतो. खुंट्यांचे दातेरी गियर आणि त्यांचे बारीक स्क्रू गंजतात. उघड्या गियरपेक्षा डबीबंद खुंट्या किनाऱ्यावर बऱ्याच जास्त टिकतात. तारांबाबतही निवड आहे. नायलॉन ओलावा शोषते आणि सैल पडते, फ्लुरोकार्बन जवळपास शोषत नाही. मासेमारीच्या गळाला वापरतात ती फ्लुरोकार्बन दोरी आणि युकुलेलेची फ्लुरोकार्बन तार मुळात एकाच पदार्थाच्या, हे मालवणच्या वाचकांना मुद्दाम सांगायला नको. इटलीच्या अक्विला कंपनीने आतड्याच्या तारांना पर्याय म्हणून काढलेली ‘नायलगट’ तारही दमट हवेत आतड्याच्या तारेपेक्षा खूप स्थिर राहते.

यावरून खरेदीचा क्रम ठरतो. शाळेतल्या किंवा वर्गातल्या वाद्यांसाठी लॅमिनेट किंवा एचपीएल घ्यावे. होडीवर, किनाऱ्यावर किंवा मुलांच्या सहलीत न्यायचे असेल तर पॉलिकार्बोनेट. एकसंध लाकडाचे वाद्य ज्याला हवेच आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण पावसाळ्यात ते भिंतीवर टांगून न ठेवता घट्ट बंद होणाऱ्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवावे. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेने सुकवून पुन्हा वापरता येतात. मे महिन्यात बंद गाडीत कोणतेच वाद्य ठेवू नये. आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास गेली की सुताराचा पांढरा गोंद मऊ पडतो आणि ब्रिज जागेवरून हलतो.

आकाराबाबत थोडक्यात. सोप्रानोची वाजती लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टची ३८, टेनरची ४३ आणि बॅरिटोनची ४८ ते ५१. मोठ्या बोटांना सोप्रानो अवघड जाते, आणि नवशिक्या प्रौढासाठी कॉन्सर्ट हा मधला मार्ग चांगला. कालाचा ‘यू-बेस’ हा अगदी वेगळा प्रकार. रबरासारख्या जाड तारा आणि पिकअप यांच्या जोरावर तो गिटारपेक्षाही लहान अंगातून बेसचा स्वर देतो. पिकअपवाली मॉडेले किनाऱ्यावर वापरताना बॅटरी काढून ठेवण्याची सवय लावावी, नाहीतर तिचे टोकच आधी गंजते.

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे युकुलेलेची जुळणी पेटीवर सहज बसते. मोकळ्या तारा वरून खाली पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा अशा लावतात. पांढरी एकला षड्ज मानला तर त्या प, सा, ग, ध होतात. नेहमीच्या जुळणीत चौथी तार उंच पंचमाची असते, म्हणून मंद्र सप्तकात उतरताच येत नाही. यावर दोन उपाय आहेत. चौथी तार खालच्या पंचमाची घालायची, किंवा षड्ज पांढरी चारवर धरायचा. मग तिसरी मोकळी तारच मंद्र पंचम देते, दुसरी मंद्र निषाद आणि पहिली मध्य गंधार. अभंगाची किंवा भावगीताची चाल वाजवायला एवढा विस्तार पुरतो. गाणाऱ्याची पट्टी बदलली की कॅपो एकेक पडदा पुढे सरकवावा. पहिल्या पडद्यावरचा कॅपो पांढरी एकची काळी एक करतो. पडदे मात्र पेटीसारखे समान अंतराच्या सप्तकाचे आहेत, म्हणून रागातल्या श्रुती आणि लांब मींड यांची अपेक्षा या वाद्याकडून करू नये. साथ, लय आणि चाल ही त्याची कामे, आणि ती ते उत्तम करते.

प्रश्न उरतो तो इथल्या लाकडाचा आणि इथल्या हातांचा. कोआ ही अकेशिया कुळातली जात आहे. कोआ महाग झाल्यापासून ‘अकेशिया’ म्हणून विकली जाणारी मॉडेले तिच्याच नातलग लाकडांची असतात. त्याच कुळातले ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणच्या जांभ्या सड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने भरपूर लावलेले आहे. आंब्याच्या लाकडाची युकुलेले हवाईत मानाने विकली जातात. इथे मात्र जुन्या आंब्याच्या खोडाचे सरपण होते. फणसाचे लाकूड तंजावरच्या वीणेला आणि मृदंगाला शतकानुशतके चालत आले आहे. शिसवाला फिंगरबोर्डसाठी जगभर मागणी आहे. २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आले आणि तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली. तोडीचे नियम आहेतच. आंबा आणि फणस १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत, म्हणून लाकूड घेताना परवानगीचा कागद मागून घ्यावा.

यांतले प्रत्येक लाकूड वाद्याला चालेलच असे गृहीत धरू नये. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, ते प्रक्रिया करूनच वापरावे लागते. कोकणातल्या कारागिरापुढची खरी अडचण सुकवणीची आहे. पावसाळ्यात जोडलेले वाद्य घाटावर पुण्याला किंवा मिरजेला गेले की उन्हाळ्यात आकसते, पत्रा तडकतो आणि पडद्यांची टोके कडेतून बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून फळी दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवावी, वजन उतरायचे थांबले की ती तयार झाली असे समजावे, आणि पत्रा चिकटवण्याचे काम हिवाळ्यातच किंवा आर्द्रता आटोक्यात ठेवलेल्या खोलीत करावे.

साहित्य बदलल्याने वाद्य परके होत नाही, याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात आणि दक्षिण सिंधुदुर्गात गणपतीच्या आरत्यांना वाजणाऱ्या घुमटावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, कारागिरांनी बकऱ्याच्या कातड्यावर काम बसवले आणि २०१९ साली गोव्याने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. वाद्यकला टिकते ती कारागिराचे कौशल्य टिकल्याने, हे मिरजेनेही सिद्ध केले आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी आहे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांकडे लाख, रंग आणि लाकूड यांची तशीच जाण आहे. त्यांच्या हातून लहान मुलांचे युकुलेले घडावे ही मागणी या व्यवसायातल्या लोकांनीच करायला हवी.

त्यासाठी प्रत्येकाचे काम वेगळे आहे. विक्रेत्याने नव्या मॉडेलची ऑर्डर देताना अंग, गोंद, खुंट्या आणि तारा या चारही गोष्टी लेखी विचाराव्यात आणि पहिला नमुना एक पावसाळा दुकानात उघडा ठेवून पाहावा. शिक्षकाने वर्गातल्या वाद्यांची बाराव्या पडद्यावरची तपासणी जूनच्या आधी आणि सप्टेंबरनंतर करावी. दुरुस्ती करणाऱ्याने सुटलेल्या ब्रिजची आणि फुगलेल्या पत्र्याची नोंद मॉडेलच्या नावासह ठेवावी. अशा नोंदी एकत्र झाल्या की कोणते मॉडेल किनाऱ्यावर चालते हे जाहिरातीशिवाय कळेल. कारागिराने एका लाकडाचे, एका आकाराचे वाद्य करून त्याला एक वर्ष वापरात ठेवावे आणि मगच दुसरे हाती घ्यावे. कोकणच्या पावसात वर्षभर सुरात राहिलेले वाद्य देशात कुठेही विश्वासाने विकता येईल.