न्यायनिवाडा पतसंस्थेचे काम नव्हे

ठेवीदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या ठेवीवर एकाहून अधिक व्यक्तींनी हक्क सांगितला, तर रक्कम कोणाच्या हाती द्यावी, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात असूनही अनेक सहकारी पतसंस्थांत ते संचालकांच्या ओळखीपाळखीवर आणि गावातील वजनावर ठरते, ही गोष्ट सहकाराला शोभणारी नाही. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, म्हणून भावाचे नाव लागलेले असते, ते बदलायचे राहून जाते, आणि ठेव पावती मात्र पत्नीजवळ असते. वादाची सुरुवात बहुधा अशीच होते.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 30 नुसार मृत सभासदाचे येणे संस्था नॉमिनीला देऊ शकते आणि रीतसर दिलेल्या रकमेबद्दल अन्य कोणाचा दावा संस्थेवर चालत नाही. मात्र हे संरक्षण संस्थेला आहे. त्याने नॉमिनी मालक होत नाही. विमा पॉलिसीबाबत 1984 मध्ये, तर शेअर व म्युच्युअल फंडांबाबत, ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील वादात, डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की, नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.

म्हणूनच तोंडी हरकत येताच खाते वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे जसे चूक, तसेच अध्यक्षांच्या दालनात बैठक घेऊन परस्पर वाटणी करून देणेही चूक आहे. संस्थेने हरकत लेखी घ्यावी, दोन्ही बाजूंना लेखी कळवावे आणि हरकतदाराला न्यायालयाचा मनाई आदेश आणण्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. आदेश न आल्यास रक्कम नॉमिनीला द्यावी, आणि आल्यास ती व्याजासह सुरक्षित ठेवावी. नॉमिनीच नसेल आणि वारसांत वाद असेल, तर दिवाणी न्यायालयाचे वारसा प्रमाणपत्र, म्हणजे मृताचे येणे वसूल करण्याचा अधिकार देणारा दाखला, मागणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मृत खातेदारांचे दावे आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून 15 दिवसांत निकाली काढावेत, असे रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना बजावले. परंतु पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्याने त्यांना हा नियम लागू होत नाही, आणि त्यांच्या ठेवींना बँकांप्रमाणे पाच लाखांच्या ठेव विम्याचे कवचही नाही. पिग्मीच्या रूपाने रोज थोडे थोडे साठवणाऱ्या फेरीवाल्याच्या विधवेला कोर्टकचेरीचा खर्च झेपत नाही आणि दिरंगाईची सर्वाधिक झळ तिलाच बसते. सहकार आयुक्तांनी पतसंस्थांसाठीही अशी मुदत, विलंबाबद्दल भरपाई आणि ठरावीक वर्षांनी नॉमिनीची नोंद तपासण्याची सक्ती आदेशाने लागू करावी. विश्वासावर उभ्या असलेल्या या चळवळीत ठेवीदाराच्या पश्चात त्याच्या कुटुंबाला मिळणारी वागणूक संचालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही.